पगार थांबल्यावर कार्डाचे बिनव्याजी दिवस कसे वापरायचे

नोकरी गेल्यानंतर येणारं क्रेडिट कार्डाचं पहिलं मोठं बिल बेकारीतल्या खर्चाचं नसतं. ते पगार चालू असताना केलेल्या खर्चाचं असतं, आणि घराचा हिशेब मोडतो तो तिथेच. समजा तुमचं स्टेटमेंट दर महिन्याच्या ५ तारखेला निघतं आणि ड्यू डेट २५ आहे. ३० जूनला नोकरी सुटली. जूनमध्ये खर्च नेहमीसारखाच झाला: किराणा, मुलांची वह्या-पुस्तकं, स्कूटरची सर्व्हिसिंग, गावी जायची तिकिटं. हे जवळपास सगळं ५ जुलैच्या स्टेटमेंटमध्ये येणार आणि पैसे २५ जुलैला द्यायचे. तोवर जूनचा पगार घरभाड्यात आणि हप्त्यांत संपलेला असतो.

पगार येत असतो तेव्हा बिनव्याजी मुदत ही सोय असते, कारण या महिन्याचा खर्च पुढच्या महिन्याच्या पगारातून भागतो. पगार थांबला की पुढचा पगारच नसतो आणि मागचा खर्च मात्र वाट बघत उभा असतो. म्हणून कार्ड वापरावं की बंद करावं हा प्रश्न नंतरचा. आधी आजवर किती पैसे देणं लागतो ते कागदावर यायला हवं.

कागदावर काय उतरवायचं

बँकेच्या ॲपमध्ये सगळ्यांना दिसतो तो ‘टोटल ड्यू’चा आकडा. तो शेवटच्या स्टेटमेंटचा असतो. त्यानंतरचा खर्च ‘अनबिल्ड’ या नावाखाली वेगळा दिसतो आणि चालू ईएमआयचं अजून बिलात न आलेलं मुद्दल तिसऱ्याच ठिकाणी असतं. खरं देणं या तिघांची बेरीज. टोटल ड्यू १८ हजार दिसतो म्हणून निर्धास्त राहिलेल्या माणसाचं खरं देणं ६५ हजार असू शकतं.

प्रत्येक कार्डासाठी एक ओळ लिहा: स्टेटमेंटची तारीख, ड्यू डेट, टोटल ड्यू, अनबिल्ड रक्कम, ईएमआय किती आणि किती महिने उरले, वार्षिक फी कोणत्या महिन्यात लागते, आणि ऑटो डेबिट कोणत्या खात्यातून व किती रकमेसाठी लावलंय. ऑटो डेबिट पूर्ण बिलासाठी असेल आणि खात्यात पैसे कमी पडले, तर ते बाऊन्स होतं. मग बँक बाऊन्सचा दंड लावते आणि बिल थकतं ते वेगळंच. पैसे पुरतील याची खात्री नसेल तर ऑटो डेबिट किमान रकमेवर (‘मिनिमम ड्यू’, म्हणजे बिल थकीत धरलं जाऊ नये म्हणून भरावीच लागणारी रक्कम) आणून ठेवा आणि उरलेली रक्कम हाताने भरा. विसरून थकबाकी होण्याचा धोका त्याने टळतो.

त्याच दिवशी कार्डावरची वर्गणी तपासा. ओटीटी, क्लाउड स्टोरेज, जिम, पाठांतराचं ॲप. १५ हजार रुपयांपर्यंतचे असे ठरावीक व्यवहार दर वेळी ओटीपी न मागता कापले जातात. कापण्याच्या २४ तास आधी सूचना येते, पण ती शंभर मेसेजमध्ये हरवते. बँकेच्या ॲपमध्ये ‘स्टँडिंग इन्स्ट्रक्शन’ किंवा ‘ई-मँडेट’ अशा विभागात ही यादी मिळते आणि तिथूनच या वर्गण्या बंद करता येतात. साठलेले रिवॉर्ड पॉइंट बिलात वळते करता येत असतील तर आत्ताच करून घ्या. थकबाकी झाली की अनेक बँका पॉइंट गोठवतात.

पन्नास दिवस खरे किती

‘५० दिवस बिनव्याजी’ हा आकडा स्टेटमेंट निघाल्याच्या दुसऱ्याच दिवशी केलेल्या खरेदीला लागू होतो. वरच्याच उदाहरणात ६ जूनची खरेदी ५ जुलैच्या स्टेटमेंटमध्ये येते आणि पैसे २५ जुलैला द्यायचे, म्हणजे ४९ दिवस मिळाले. तीच वस्तू ५ जूनला घेतली आणि त्याच दिवशी नोंदली गेली, तर ड्यू डेट २५ जून. फक्त २० दिवस. एका दिवसाच्या फरकाने महिना जातो. यात आणखी एक खाच आहे. दुकानात कार्ड लावल्यानंतर व्यवहार बँकेत पक्का नोंदला जायला कधी कधी एक-दोन दिवस लागतात, त्यामुळे स्टेटमेंटच्या आदल्या-नंतरच्या दिवसांवर फार बारीक गणित मांडू नका.

दोन कार्डं असतील तर त्यांच्या तारखा एकमेकांपासून लांब असलेल्या बऱ्या. एकाचं स्टेटमेंट ५ ला आणि दुसऱ्याचं २० ला निघत असेल, तर ६ ते २० तारखेचा खर्च पहिल्या कार्डावर आणि २१ ते ५ चा दुसऱ्यावर टाकावा. दोन्हींना साधारण ३५ ते ५० दिवस मिळतात. दोन्हींच्या तारखा एकाच आठवड्यात येत असतील, तर त्या बदलून मागता येतात. बिलिंग सायकल निदान एकदा बदलण्याचा पर्याय कार्डधारकाला द्यायलाच हवा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. नोकरी नसताना तो हक्क वापरण्यासारखा आहे. भाडेकरूकडून भाडं, घरातल्या दुसऱ्या कुणाचा पगार किंवा मुदत ठेवीचं व्याज महिन्याच्या ज्या तारखेला येतं, त्यानंतर चार-पाच दिवसांनी ड्यू डेट यावी.

या दिवसांची किंमत मात्र नीट समजून घ्या. २० हजार रुपये तुमच्या बचत खात्यात ४५ दिवस जास्त राहिले, तर ३ टक्के दराने ७४ रुपये व्याज मिळतं. बस्स. म्हणजे या मुदतीतून कमाई होत नाही, मिळते ती सवड. हिशेबाचे पैसे कंपनीकडून यायचेत, पीएफचा क्लेम लागायचाय, अशा वेळी ती सवड मोलाची असते.

पूर्ण बिल भरलं नाही तर

बिनव्याजी मुदत एकाच अटीवर मिळते: मागचं बिल ड्यू डेटपर्यंत पूर्ण भरलेलं असायला हवं. ‘मिनिमम ड्यू’ भरला की लेट फी टळते आणि सिबिलच्या (कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेच्या) नोंदीत थकबाकी दिसत नाही, पण व्याज लागतं. आणि ते ड्यू डेटपासून नाही, खरेदीच्या दिवसापासून लागतं.

१० जूनला ४० हजारांचा फ्रिज घेतला. ५ जुलैला स्टेटमेंट आलं, किमान रक्कम ५ टक्के म्हणजे २ हजार. २५ जुलैला तेवढेच भरले. कार्डाचा दर महिन्याला ३.६ टक्के, म्हणजे वर्षाला ४३.२ टक्के आहे असं धरू. अनेक नेहमीच्या कार्डांचा दर याच्याच आसपास असतो. ५ ऑगस्टच्या स्टेटमेंटमध्ये उरलेल्या ३८ हजारांवर १० जूनपासूनचं ५६ दिवसांचं व्याज लागेल: सुमारे २,५१९ रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी ४५३ रुपये. एकूण २,९७२. दोन हजार भरले आणि तीन हजार चढले. बँकेच्या मोजण्याच्या पद्धतीनुसार थोडं मागेपुढे होईल, पण चित्र हेच.

दुसरा फटका याहून कमी लोकांना माहीत असतो. मागची बाकी असेपर्यंत नव्या खरेदीलाही बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. २८ जुलैला त्याच कार्डावर ६ हजारांचा किराणा आणि औषधं घेतली, तर त्यावरही त्याच दिवसापासून व्याज चालू. ५ ऑगस्टपर्यंतच्या आठ दिवसांचं जीएसटीसह ६७ रुपये. आकडा छोटा वाटतो, पण आता तुम्ही वर्षाला ५१ टक्क्यांच्या दराने तांदूळ-डाळ घेत आहात. ४३.२ टक्क्यांवर १८ टक्के जीएसटी धरला की तेवढंच होतं.

तिसरा फटका पुढच्या महिन्यात बसतो. ५ ऑगस्टचं बिल आता ४७ हजारांच्या थोडं वर गेलेलं असतं. व्याज आणि कर किमान रकमेत पूर्ण धरले जावेत, ते न भरलेले साचत जाऊन त्यावर पुन्हा व्याज चढू नये, असा नियमाचा रोख आहे. तो ग्राहकाच्या हिताचाच आहे. पण त्यामुळे किमान रक्कम २ हजारांवरून थेट ५,२०० च्या पुढे जाते. ‘निदान मिनिमम तरी भरत राहू’ असं ठरवणाऱ्यांचं गणित दुसऱ्याच महिन्यात कोसळतं ते इथे.

दराला वरची मर्यादा आहे का, असं बरेच जण विचारतात. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये ३० टक्क्यांपेक्षा जास्त व्याज ही अनुचित प्रथा ठरवली होती. सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी तो निर्णय रद्द केला. त्यामुळे त्या ३० टक्क्यांचा आधार आता धरता येत नाही.

मग कार्ड वापरायचं तर कसं

आमचं मत स्पष्ट आहे. उत्पन्न नसताना कार्डावर फक्त तेवढाच खर्च करावा, ज्याचे पैसे आजच खात्यात आहेत. ‘येणार आहेत’ ते पैसे यात धरायचे नाहीत.

हे पाळण्याची सोपी रीत म्हणजे वेगळं बचत खातं. कार्डाने ८५० रुपयांचा किराणा घेतला की त्याच संध्याकाळी ८५० रुपये त्या खात्यात टाकायचे. महिनाअखेर त्या खात्यातली रक्कम आणि अनबिल्ड रक्कम सारखी असली पाहिजे. एकदा जरी फरक पडला, तरी त्या महिन्यापुरतं कार्ड कपाटात. हे खातं कार्डाच्या बँकेत शक्यतो नसावं. कार्डाच्या करारात बहुतेक बँका थकबाकी झाल्यास तुमच्या त्याच बँकेतल्या ठेवींवर किंवा खात्यावर हक्क लावण्याचं कलम घालून ठेवतात. घरखर्चाचा शेवटचा पैसा अशा खात्यात अडकला तर फार हाल होतात.

सगळे खर्च कार्डावर टाकण्यासारखे नसतात. शाळेची फी, सोसायटीचा मेंटेनन्स किंवा घरभाडं भरताना कार्डासाठी १ ते २ टक्के जादा आकारणी दिसली, तर थांबा. दीड महिन्याच्या सवडीसाठी १ टक्का देणं म्हणजे वर्षाला ८ टक्के. खात्यात पैसे असताना हे कशाला? त्यापेक्षा यूपीआयने भरा. रूपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडलं असेल तर दुकानदाराच्या व्यापारी क्यूआरवर दिलेले पैसे साध्या खरेदीसारखेच धरले जातात आणि त्यांना बिनव्याजी मुदत मिळते. माणसाच्या वैयक्तिक खात्यावर पैसे पाठवायला ते कार्ड चालत नाही.

एटीएममधून कार्डाने रोख काढू नका. बहुतेक बँका त्यावर साधारण अडीच टक्के किंवा किमान ५०० रुपये घेतात आणि व्याज पहिल्या दिवसापासून लागतं. रोखीला बिनव्याजी दिवस नसतात. ५ हजार काढले तर ५०० रुपये आणि त्यावर जीएसटी तिथेच गेले.

याच दिवसांत ‘कार्ड स्वाइप करून रोख देतो, फक्त अडीच टक्के’ असं सांगणारे भेटतात. एका कार्डातून रोख काढून दुसऱ्याचं बिल भरायचं, पुढच्या महिन्यात उलट. याची टोपी त्याच्या डोक्यावर. दर ४५ दिवसांनी अडीच टक्के धरले तर वर्षाला २० टक्के जातात, आणि मुद्दल एक रुपयानेही कमी होत नाही. शिवाय हा कार्डाच्या अटींचा भंग आहे. बँकेला संशय आला तर ती कार्ड बंद करते. दोहोंपैकी एका जरी कार्डाची मर्यादा बँकेने कमी केली, की फिरवायला जागाच उरत नाही आणि दोन्ही बिलं एकाच महिन्यात अंगावर येतात.

नवं कार्ड काढण्यासाठी जुनी सॅलरी स्लिप जोडण्याचा मोहही टाळा. नोकरी नसताना आहे असं लिहून देणं ही खोटी माहिती ठरते.

नो-कॉस्ट ईएमआय

‘शून्य व्याज’ नावाची गोष्ट नसते, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना सुनावलं होतं. प्रत्यक्षात व्याज लागतं आणि विक्रेता तेवढीच सूट देतो. २४ हजारांचा फोन सहा महिन्यांच्या नो-कॉस्ट ईएमआयवर, दर १६ टक्के असं धरा. हप्ता ४ हजार. फोनच्या किमतीत १,०८१ रुपयांची सूट दाखवली जाते आणि तेवढंच व्याज हप्त्यांतून वसूल होतं. पण त्या व्याजावरचा जीएसटी, सुमारे १९५ रुपये, तुम्हीच देता. १९९ रुपये प्रोसेसिंग फी असेल तर करासह २३५. एकूण ४३० रुपये जास्त. रोख घेतल्यावर दुकानदार जी सूट देणार होता ती गेली, ते वेगळं.

एवढा खर्च काही वेळा परवडतो. नोकरी शोधायला लॅपटॉप लागतोच आणि आहे तो बंद पडलाय, तर एकदम ३० हजार खर्च करण्यापेक्षा हातात रोकड ठेवणं शहाणपणाचं असू शकतं. पण हप्ता किमान रकमेत पूर्ण धरला जातो, हे विसरू नका. ४ हजारांचा हप्ता चालू असेल तर त्या महिन्याचा मिनिमम ड्यू ४ हजारांच्या खाली येतच नाही. उरलेलं मुद्दल कार्डाची मर्यादाही अडवून ठेवतं. मध्येच बंद करायचं म्हटलं तर बऱ्याच बँका उरलेल्या मुद्दलावर ३ टक्क्यांच्या आसपास आणि वर जीएसटी घेतात.

बिल पूर्ण भरता येणार नाही असं दिसलं तर

हे ड्यू डेटच्या दिवशी कळून उपयोग नाही. स्टेटमेंट आल्यानंतर ड्यू डेटपर्यंत जे २० दिवस असतात, त्यांतच सगळं करून घ्यायचं असतं.

पहिला पर्याय, कार्डाबाहेरचं स्वस्त कर्ज. घरात सोनं असेल तर बँकेतलं सोनेतारण कर्ज वर्षाला साधारण ९ ते १२ टक्क्यांनी मिळतं. ४७ हजारांचं कर्ज १० टक्क्यांनी सहा महिने ठेवलं तर व्याज २,३५० रुपये. तीच रक्कम कार्डावर राहिली तर जीएसटीसह १२ हजारांच्या घरात जाते. बांगड्या गहाण ठेवायला मन तयार होत नाही हे खरं, पण हा फरक एकदा घरात सगळ्यांसमोर मांडून बघा. मुदत ठेवीवरचं कर्ज त्याहून सोपं. ठेवीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के जास्त व्याज, ठेव मोडत नाही आणि पगाराचा पुरावा लागत नाही. गावातल्या पतसंस्थेत ठेव असेल तर तिथेही हे मिळतं. एलआयसीच्या जुन्या एन्डोमेंट (विम्यासोबत बचतीच्या) पॉलिसीवरही कर्ज निघतं. टर्म (फक्त विम्याच्या) पॉलिसीवर निघत नाही.

दुसरा पर्याय, बिलच ईएमआयमध्ये बदलून घेणं. ४५ हजार १८ टक्के दराने १२ महिन्यांसाठी घेतले तर हप्ता ४,१२६ आणि एकूण व्याज ४,५०७. चोवीस महिन्यांसाठी हप्ता २,२४७ आणि व्याज ८,९१८. व्याजावर जीएसटी आणि प्रोसेसिंग फी वेगळी. नोकरी नसताना आम्ही लांब मुदत सुचवू. व्याज जास्त आहे, पण हप्ता चुकला तर सगळंच बिघडतं, आणि नोकरी लागल्यावर कर्ज आधी बंद करता येतं. हा पर्याय बहुतेक वेळा खातं नियमित असतानाच ॲपमध्ये दिसतो. एकदा थकबाकी लागली की तो नाहीसा होतो. म्हणून नोकरी गेल्याच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यातच हे करून घ्यावं. दर विचारताना ‘फ्लॅट की रिड्यूसिंग’, म्हणजे व्याज शेवटपर्यंत पूर्ण मुद्दलावर की फक्त उरलेल्या मुद्दलावर, हा प्रश्न न चुकता विचारा. फ्लॅट ११ टक्के ऐकायला छान वाटतात, पण वर्षभराच्या कर्जात रिड्यूसिंग पद्धतीने ते जवळपास २० टक्के पडतात.

दोन कार्डं असतील आणि पैसे एकालाच पुरत असतील, तर थोडे थोडे दोन्हीकडे भरू नका. लहान बिल असलेलं कार्ड पूर्ण भरा. ते ‘स्वच्छ’ राहील आणि त्यावरच्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत राहतील. दुसऱ्याचं बिल ईएमआयवर टाका, निदान किमान रक्कम भरा, आणि त्यावर नवा खर्च पूर्ण थांबवा. ॲपमध्ये ऑनलाइन, पीओएस (दुकानातल्या मशीनवरचे) आणि संपर्करहित व्यवहार बंद करण्याची बटणं असतात. ती सगळी बंद करून ठेवा.

मिनिमम ड्यू भरून एखादा महिना काढणं फक्त एकाच परिस्थितीत योग्य आहे. ठरावीक रक्कम ठरावीक तारखेला येणार हे लेखी माहीत असेल तेव्हा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेप्रमाणे नोकरी संपल्यावर दोन कामाच्या दिवसांत वेतनाचा हिशेब मिळायला हवा, पण प्रत्यक्षात हे पैसे महिना-दीड महिना रेंगाळू शकतात. म्हणून एचआरकडून ईमेलवर तारीख घ्या. पीएफमधली ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम नोकरी सुटल्यावर काढता येते. पण नोकरी सोडल्याची तारीख कंपनीने पोर्टलवर टाकलेली असावी लागते आणि नावात किंवा बँक खात्यात चूक असेल तर क्लेम परत येतो. सलग पाच वर्षांची नोकरी नसेल आणि रक्कम ५० हजार किंवा त्याहून जास्त असेल, तर १० टक्के टीडीएस कापला जातो. हिशेबात तो धरा. निवृत्तीचे पैसे कार्डाच्या व्याजात घालणं जिवावर येतं, पण ५१ टक्क्यांचं देणं डोक्यावर ठेवून ८ टक्क्यांच्या आसपास मिळवणारा पीएफ राखण्यात फायदा नाही. फक्त काढलेले पैसे खरोखर कार्डाकडेच गेले पाहिजेत.

पगार २१ हजारांपर्यंत असून ईएसआयसी (कर्मचारी राज्य विमा) कापला जात असेल, तर अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेची चौकशी जवळच्या शाखा कार्यालयात करा. पात्र ठरल्यास सरासरी दैनिक कमाईच्या ५० टक्के रक्कम जास्तीत जास्त ९० दिवसांसाठी, आयुष्यात एकदाच मिळते. योजनेची मुदत वेळोवेळी वाढवली जाते, तेव्हा सध्याची स्थिती विचारूनच पुढे जा.

थकलंच तर

ड्यू डेटनंतर तीन दिवसांच्या आत पैसे भरले तर लेट फी लावता येत नाही आणि थकबाकी म्हणून सिबिलसारख्या संस्थांकडे कळवताही येत नाही. पण चौथ्या दिवशी थकलेल्या दिवसांची मोजणी मूळ ड्यू डेटपासून सुरू होते. म्हणून हे तीन दिवस हाताशी धरून नियोजन करू नका. पैसे पोहोचायला एखादा दिवस लागला तर सांभाळून घ्यायला ते आहेत. लेट फी बाकीच्या रकमेवर ठरते. २५ ते ५० हजारांच्या बाकीला ती हजार-बाराशेच्या आसपास पडते, वर जीएसटी.

किमान रक्कम ड्यू डेटपासून ९० दिवसांत पूर्ण भरली नाही, तर खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी थकीत कर्ज, होतं. त्याआधी बँकेला लेखी कळवा: नोकरी या तारखेला गेली, दरमहा इतके देऊ शकतो, बिलाचे हप्ते करून द्यावेत. रिलीव्हिंग लेटर जोडा. फोनवर बोलणं झालं तरी त्याच दिवशी ईमेल करा आणि तक्रार क्रमांक जपून ठेवा.

पैसे सगळ्यांना पुरत नसतील तर क्रम ठरवावा लागतो. डोक्यावरचं छप्पर, औषधं, वीज, मुलांची शाळा आधी. गृहकर्ज आणि सोनेतारणामागे वस्तू गहाण आहे, तेव्हा ते त्यानंतर लगेच. क्रेडिट कार्ड बहुधा विनातारण असतं, म्हणून ते शेवटी. वसुलीच्या फोनला घाबरून घरभाड्याचे पैसे कार्डात भरणं, ही चूक अनेकांच्या हातून होते.

वसुली एजंट सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करू शकत नाहीत. धमकी, शिवीगाळ, नातेवाइकांना किंवा शेजाऱ्यांना सांगून मानहानी करणं, हे सगळं नियमबाह्य आहे. असं झालं तर तारीख, वेळ आणि नंबर लिहून ठेवा आणि बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे सीएमएस पोर्टलवरून विनाशुल्क तक्रार करता येते. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे.

‘४० टक्के भरा, बाकी माफ’ असा सेटलमेंटचा प्रस्ताव येईल. त्यात सिबिलच्या अहवालावर ‘सेटल्ड’ अशी नोंद राहते आणि पुढे गृहकर्ज मागताना ती आडवी येते. दुसरा कुठलाच मार्ग नसेल तरच घ्या. तेव्हाही पैसे भरण्याआधी बँकेच्या लेटरहेडवर रक्कम, तारीख आणि ‘यानंतर काही देणं नाही’ हे लेखी घ्या. एजंटच्या वैयक्तिक यूपीआयवर एक रुपयाही पाठवू नका.

पगार पुन्हा सुरू झाल्यावर

नवी नोकरी १० तारखेला लागली तर पहिला पूर्ण पगार पुढच्या महिन्याच्या अखेरीस येतो. तोवर कार्डावरचा खर्च वाढवू नका. पहिल्या पगारातून सर्वांत महाग देणं आधी उतरवा, म्हणजे ईएमआयवर न टाकलेली कार्डाची बाकी.

पूर्ण बिल भरल्यानंतरच्या पुढच्या स्टेटमेंटमध्येही थोडं व्याज दिसेल. मागचं स्टेटमेंट निघाल्यापासून तुम्ही पैसे भरेपर्यंतच्या दिवसांचं ते व्याज असतं, आणि पाहून लोक गोंधळतात. तेही पूर्ण भरा, नाहीतर तेवढ्या छोट्या रकमेपायी बिनव्याजी मुदत पुन्हा हुकते. त्याच्या पुढच्या स्टेटमेंटमध्ये ‘फायनान्स चार्जेस’च्या ओळीत शून्य दिसलं की मुदत पूर्ववत झाली असं समजायचं.

नको असलेलं कार्ड तेव्हाच बंद करून टाका. सगळं देणं फिटलेलं असेल तर लेखी अर्जानंतर सात कामाच्या दिवसांत बँकेने ते बंद करायला हवं. उशीर झाला तर दर दिवसाला ५०० रुपये भरपाई मिळते. महिन्याभराने सिबिलचा अहवाल काढून बघा. वर्षातून एकदा तो मोफत मिळतो. तिथे कार्डासमोर ‘क्लोज्ड’ आणि बाकी शून्य असं नसेल तर तिथेच दुरुस्तीची विनंती नोंदवा. ३० दिवसांत दुरुस्ती झाली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाईची तरतूद आहे.